नजर कमी असलेलं मूल गावच्या हायस्कूलमध्ये : दाखला, फळा आणि दहावीचा पेपर

कोल्हापूर : फळ्यावरचं उतरवून घेत नाही, पुस्तक नाकाला लावून वाचतो, दिवेलागणीला चालताना अडखळतो. अशा पोराला वर्गात 'ढ' ठरवून मोकळं होतात, आणि खरं दुखणं डोळ्यांचं असतं. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी असेल, तर कायद्याने ती 'अल्पदृष्टी'. नुसते नंबर बदलण्यात वर्षं घालवू नयेत.

आधी दाखला. 'स्वावलंबन' पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करायचा आणि सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यायची. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण मिळतं. शाळा जवळची की विशेष, हे घरच्यांनी ठरवायचं. "याला अंधशाळेतच घाला" म्हणून गावच्या शाळेला हात झटकता येत नाहीत.

वर्गात सगळ्यात उपयोगी गोष्टीला पैसा लागत नाही : गुरुजी फळ्यावर जे लिहितील, ते बोलत लिहिणं. "हे इकडचं तिकडे नेलं" एवढ्यावर गणित कळणार कसं? "क्ष अधिक पाच बरोबर बारा" असं पूर्ण म्हणावं लागतं. भूमितीची आकृती पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवली की बोटांनी कळते. थोडं दिसणाऱ्याला पुढचा बाक, जाड पेन, आणि फळा चमकणार नाही अशी जागा. अजिबात न दिसणाऱ्याला ब्रेल आणि गणितासाठी टेलर फ्रेम. त्यासाठी समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांची मदत तालुक्याच्या गट साधन केंद्रातून मागावी.

अँड्रॉइड मोबाईलमधलं 'टॉकबॅक' पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवतं, तेही फुकट. पण व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला, तर त्यातलं हस्ताक्षर त्याला नीट वाचता येत नाही. नोट्स टाइप करून किंवा आवाजात रेकॉर्ड करून पाठवाव्यात.

दहावीला लेखनिक मिळतो, शिवाय तासाला २० मिनिटं जादा. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. फेब्रुवारीत धावाधाव करण्यापेक्षा दिवाळीआधीच कागद शाळेत द्यावेत. लेखनिकासोबत सराव सहामाहीपासूनच सुरू करावा, कारण अपूर्णांक आणि वर्गमूळ तोंडी सांगून दुसऱ्याकडून लिहून घेणं दोघांनाही एका दिवसात जमत नाही.