सालदाराचे तास कोणी मोजले?

ऑफिसात कार्ड पंच करा, घरून काम असेल तर लॉगिन करा. तासांच्या नोंदीचा आपल्याला वैतागच येतो. पण नोंदच नसेल तर काय होतं, ते शहाद्याला विचारा.

खानदेशात सालदाराचं वर्ष अखजी ते अखजी. एकदा साल ठरलं की संपलं. पहाटे गोठा, दिवसभर शेत, पाळी आली तर रात्री पिकाला पाणी. मालकाच्या वहीत उचल लिहिलेली असायची, तास कोण लिहिणार? १९७२ मध्ये शहाद्यात (तेव्हा धुळे जिल्हा; नंदुरबार वेगळा झाला १९९८ ला) श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांसारखे आदिवासी नेते त्यात पुढे होते. सालदारांची मजुरी हा मोठा प्रश्न होता.

त्याच दुष्काळात रोजगार हमीची कामं वाढली, १९७७ ला कायदा झाला. हजेरीपट आला, त्यात खोटी नावंही घुसली. म्हणून १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर ॲपमधून दिवसाला दोन फोटो सक्तीचे झाले, वेळ आणि ठिकाणासकट. धडगावच्या डोंगरात रेंज नसली तर फोटो मोबाइलमध्ये राहतो, नंतर चढवायचा. तो चढलाच नाही, तर माती उपसलेली दिसते, पण मजूर गैरहजर!

मला म्हणून जॉबकार्ड जास्त महत्त्वाचं वाटतं. ते मजुराच्याच ताब्यात राहायला हवं, असा नियम आहे. केलेले दिवस त्यावर चढलेत का, हे घरातल्या शिकलेल्या पोराने आजच वाचून दाखवावं.