तापलेले लोखंड आणि खारा वारा

तोंडवलीहून तळाशीलकडे गेलेली वाळूची पट्टी म्हणजे दोन पाण्यांमधली वाट. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी. येथे दाराचा कोयंडा असो, सायकलची साखळी असो की विहिरीवरचा रहाट असो, लोखंडाचे म्हणून जे असेल ते तांबडे व्हायचेच. आम्ही किनाऱ्यावरची माणसे त्याचा सारा दोष खाऱ्या वाऱ्यावर टाकून मोकळे होतो. पण इंजिनाच्या धुराची नळी सर्वांत अधिक तापते, आणि तीच आधी सडते, हे कसे? तापलेली वस्तू कोरडी. कोरड्याला गंज कुठला? या कोड्यापायी मी आगबोटींपासून अमेरिकेतल्या शर्यतींच्या मोटारींपर्यंत पुष्कळ भटकलो. त्या भटकंतीतले थोडे फराळाच्या ताटाशेजारी वाढतो.

कोड्याचे उत्तर नळी तापण्यात नसून ती निवण्यात आहे. हवेतील ओलावा शेकडा ७५ च्या वर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळू लागते. आमच्याकडे पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते ते याच कारणाने. लोखंडावर बसलेला मिठाचा कणही तसाच पाझरतो. इंजिन चालू असते तोवर त्याची काही मात्रा चालत नाही. रात्री नळी गार पडली की त्याचे राज्य सुरू होते. शिवाय शत्रू आतही असतो. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते! वाफ होऊन बरेचसे निघून जाते, परंतु इंजिन थोडा वेळच चालवून बंद केले तर उरलेली वाफ नळीतच थिजते. म्हणजे रोज चार मिनिटे फिरणारे यंत्र दिवसभर राबणाऱ्या यंत्रापेक्षा लवकर कुजते. आळशाचे लोखंड आधी गंजते म्हणतात, ते असे शब्दशः खरे आहे.

कोकणच्या बंदरांना मोठे धगधगते लोखंड दाखवले ते आगबोटींनी. त्यांचे धुराडे दिसायला एक, पण आत एक नळ आणि बाहेर दुसरे कवच असे दुहेरी असे. मधल्या हवेमुळे बाहेरचे कवच कमी तापे, म्हणून त्यावर रंग टिके. इंजिन बंद ठेवायचे दिवस आले की बॉयलर एक तर पाण्याने काठोकाठ भरून ठेवीत, नाही तर पुरता कोरडा करून आत कळीच्या चुन्याची ताटे ठेवीत. चुना ओल पिऊन टाकी. अर्धवट ओला बॉयलर मात्र कोणी ठेवीत नसे. मला तर यात सगळे शास्त्र आले असे वाटते.

आता जरा दूर जाऊ, कारण उघड्या नळ्यांचे वेड खरे फोफावले ते कॅलिफोर्नियात. फोर्डने १९३२ साली स्वस्त मोटारीत आठ सिलिंडरचे इंजिन बसवले. त्यात एक खोड होती: जळका वायू इंजिनाच्या पोटातूनच, पाण्याच्या कप्प्याला चाटून बाहेर पडे, आणि मधल्या दोन सिलिंडरांना बाहेर पडायला दार एकच. साहजिकच पाणी उकळे. तिथल्या तरुणांनी जुन्या फोर्ड घेतल्या, मडगार्ड काढून फेकली, जाड ओतीव मॅनिफोल्ड उतरवला आणि पातळ पोलादी नळ्या वाकवून जोडल्या. या नळ्यांना हेडर म्हणतात आणि अशा मोटारींना हॉट रॉड. १९३७ साली त्यांची संघटना निघाली, १९४९ पासून बॉनव्हिलच्या मैदानावर शर्यती होऊ लागल्या. गंमत अशी की ते मैदान मिठाचेच! आमच्याकडे मिठासाठी १९३० साली शिरोड्याला सत्याग्रह झाला. तिथे तेच मीठ शर्यतीनंतर मोटारीच्या अंगावरून धुऊन काढावे लागते.

ओतीव लोखंड जाड, म्हणून वरचा थर गंजला तरी आत पुष्कळ शिल्लक राहते. पातळ नळीला ती श्रीमंती नाही. साधा रंग तर पहिल्याच फेरीत जळून जातो. सोरेलने १८३७ साली जस्ताचा मुलामा देण्याची युक्ती काढली, पण जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि पेट्रोल इंजिनाची नळी तोंडाशी ६०० अंशांच्या वर जाऊ शकते. क्रोमचा मुलामा धगीने निळा पडतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांपर्यंत तग धरते, म्हणून त्याचा फवारा बराच चालला. पुढे चिनी मातीच्या जातीचे लेप आले, ते अधिक टिकतात. शेफील्डच्या ब्रिअरलीने १९१३ साली क्रोमियम घालून न गंजणारे पोलाद ओतले, ते उत्तम, मात्र खिशाला जड. काहींनी नळीला काचेच्या धाग्यांची पट्टी गुंडाळली. धग आत राहिली खरी, परंतु पट्टी एकदा भिजली की ओल लोखंडाला बिलगून बसते. पट्टी सोडावी तर आत नळीची चाळण! कोरड्या मुलखात ही पट्टी चालेल. मालवणच्या पावसात मी ती शत्रूच्याही मोटारीला सुचवणार नाही.

आपल्या होड्यांनी हा प्रश्न निराळ्या वाटेने सोडवला. लाकडाला माशाचे तेल चोपडणे जुने, पण धगीच्या लोखंडावर तेल जळून जाते. इविनरूडने १९०९ साली होडीच्या मागे टांगायचे इंजिन बाजारात आणले. पुढे त्या जातीच्या इंजिनांत समुद्राचेच पाणी आत खेळवून यंत्र निववतात आणि धूर पंख्यापाशी पाण्यात सोडतात. नळी लाल व्हायची भीती गेली. बदल्यात खारे पाणी यंत्राच्या नसानसांत शिरले. इंजिन बंद केले की आत अडकलेले पाणी सुकते आणि मिठाचे खडे पाण्याच्या वाटा बुजवतात. मग पुढच्या खेपेला पाणी फिरत नाही आणि ज्याच्यापासून पळालो ती धग पुन्हा दारात. भर दर्यात असे झाले तर त्या दिवसाची मासळीच नव्हे, माणसेही अडचणीत येतात.

म्हणून किनाऱ्यावर परतल्यावर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात उभे करून काही मिनिटे चालवतात. इंजिन गरम झाल्याशिवाय त्याचा उष्णतेवर चालणारा पडदा उघडत नाही, आणि तो उघडल्याशिवाय गोडे पाणी सगळीकडे पोचत नाही. थंड इंजिनावर नुसती घागर ओतली तर बाहेरचे मीठ धुतले जाते, आतले तसेच राहते.