दुसऱ्या खेळाडूची जागा

नववीत क्लासला जातो असं सांगून आपल्यातले बरेच जण कुठे असायचे, हे आता सांगायला हरकत नाही. ज्यांच्यापासून लपवायचो त्यांची नातवंडंच आज दिवसभर मोबाइलवर खेळतात. व्हिडिओ गेम पार्लरच्या अंधाऱ्या गाळ्यात ‘मुस्तफा’च्या यंत्राला तिघं चिकटलेले असायचे आणि पाच-सहा जण मागून सूचना द्यायचे. त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. मुस्तफा हे त्यातल्या एका पात्राचं नाव. आपण ते सगळ्या खेळालाच देऊन टाकलं.

या मारामारीच्या खेळांच्या इतिहासात शाळाही आहे. टेक्नोस जपान कंपनीच्या योशिहिसा किशिमोतो यांनी १९८६ मध्ये ‘कुनिओ-कुन’ हा खेळ केला, तो स्वतःच्या हायस्कूलमधल्या मारामाऱ्यांच्या आठवणींवरून. मार खाल्लेल्या मित्रासाठी गणवेशातला कुनिओ टोळ्यांशी भिडतो. परदेशात हा खेळ ‘रेनिगेड’ म्हणून गेला तेव्हा गणवेश गेला आणि शाळकरी पोरांचे गल्लीतले गुंड झाले. १९८७ च्या ‘डबल ड्रॅगन’मध्ये किशिमोतो यांनी बिली आणि जिमी हे दोन भाऊ शेजारी-शेजारी उभे केले. आता दोघांना एकाच वेळी, एकाच बाजूने लढता येऊ लागलं. दोघंही शेवटपर्यंत टिकले, तर खेळ त्यांना एकमेकांशी लढायला लावतो. पण तिथवर ते सोबत पोहोचलेले असतात.

हे खेळ घरच्या यंत्रावर आले तेव्हा मात्र अनेकदा सोबत्याचीच जागा गेली.

आपल्या घरांत टीव्हीला जोडलेलं ते आठ-बिटी यंत्र बहुधा निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल असायचं. फॅमिकॉम पडद्यावरच्या एका आडव्या रेषेत जास्तीत जास्त आठ हलती चित्रं दाखवू शकतो, प्रत्येक आठ ठिपके रुंद. सोळा ठिपके रुंदीचा माणूस काढायला अशी दोन चित्रं शेजारी ठेवावी लागतात. म्हणजे चार माणसं एका ओळीत आली की यंत्राची झेप संपली. पाचवा आला की कुणाचा तरी हात किंवा पाय गायब. विमानांच्या खेळात शत्रू पडदाभर पसरलेले असतात, तिथे निभावतं. मारामारीत सगळे एकाच पट्ट्यात उभे असतात. १९८८ च्या फॅमिकॉमवरच्या ‘डबल ड्रॅगन’मध्ये दोघांनी मिळून लढणं नव्हतंच. मुख्य खेळात आधी एकाने खेळायचं, मग दुसऱ्याने. आणि शेवटी टोळीचा म्होरक्या म्हणून समोर येतो तो जिमी, आपला भाऊ!

त्याच वर्षी सेगाच्या मास्टर सिस्टिमवरही हा खेळ आला. तिथेही एका रेषेत आठच चित्रं. पण त्यांनी दोन खेळाडू ठेवले. गर्दी झाली की चित्रं लुकलुकायची, ती लुकलुकू दिली. अडचण दोन्हीकडे सारखीच होती. काय सोडायचं, हे मात्र ज्याने त्याने ठरवलं.

सोळा-बिटी यंत्रांच्या काळात हेच पुन्हा घडलं. कॅपकॉमचा ‘फायनल फाइट’ १९८९ मध्ये पार्लरमध्ये आला: कोडी, गाय आणि हॅगर यांच्यातले दोन निवडा आणि मित्राबरोबर शहरभर मारत सुटा. पुढच्याच वर्षी तो सुपर फॅमिकॉमच्या १ मेगाबाइटच्या कॅसेटमध्ये बसवला गेला. चित्रं मोठी आणि देखणी राहिली. पण गाय वगळला, कारखान्याचा टप्पा वगळला, दुसरा खेळाडूही वगळला. १९९२ मध्ये ‘फायनल फाइट गाय’ काढून गायला परत आणलं, तर कोडीला बाहेर बसवलं.

सेगाने १९९१ मध्ये मेगा ड्राइव्हसाठी ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ काढला. तो पार्लरमधून उचललेला नव्हता. मुळातच घरच्या यंत्रासाठी केलेला. माणसं लहान, रंगही मर्यादित, पण दोघांनी एकत्र खेळण्याची सोय पहिल्यापासून. वर युझो कोशिरो यांचं संगीत. शेजारी शेजारी ठेवलेल्या चित्रांत ‘फायनल फाइट’ जिंकतो. दोन मित्र सोफ्यावर बसले की ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ जिंकतो. कॅपकॉमनेही १९९३ चा ‘फायनल फाइट २’ घरच्या यंत्रासाठीच केला आणि त्यात दोघांची सोय दिली. जमत नव्हतं असं नाही, तर.

‘मुस्तफा’ त्या काळात घरच्या कुठल्याच यंत्रावर आला नाही. म्हणून पार्लरला जावंच लागायचं, आणि एकट्याने जाण्यात मजा नव्हती. माझ्या डाव्या हाताला उभा राहणारा मित्र दहावीच्या आधी वडिलांच्या बदलीबरोबर गेला. माझं शेवटचं लाइफ उरलं की तो न सांगता पुढे व्हायचा आणि मार स्वतःवर घ्यायचा. त्या सुट्टीत मी घरी एकट्याने ‘डबल ड्रॅगन’ संपवला. शेवटी जिमी समोर आला तेव्हा रिमोट खाली ठेवला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

बॅचच्या यादीत त्याच्या नावापुढचा रकाना अजून रिकामा आहे. कुणाला माहिती असेल तर भरावा. मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर आपल्या नववीच्या वर्गात टीव्ही, मेगा ड्राइव्ह आणि दोन रिमोट घेऊन मी बसलेला असेन. ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ लावू. ज्याला वेळ असेल त्याने डावीकडे बसावं. तो आला, तर मात्र उठून जागा द्यावी.