मेसोफोटिक प्रवाळभित्ती

मेसोफोटिक प्रवाळभित्ती ही उष्ण व उपोष्ण कटिबंधांतील समुद्रांत साधारणतः ३० ते १५० मीटर खोलीवर, अंधूक प्रकाशात आढळणारी प्रवाळ परिसंस्था होय. ‘मेसो’ म्हणजे मधला आणि ‘फोटिक’ म्हणजे प्रकाशविषयक, अशा मूळ ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले आहे. उथळ पाण्यातील लख्ख उजेड आणि खोल समुद्रातील अंधार यांच्या मधला हा पट्टा आहे. इ.स. २००८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात भरलेल्या शास्त्रज्ञांच्या कार्यशाळेनंतर ही संज्ञा रूढ झाली. ३० मीटर ही वरची मर्यादा मुख्यतः नेहमीच्या पाणबुड्यांच्या क्षमतेवरून ठरली आहे. खालची मर्यादा प्रकाश कोठवर पोहोचतो यावर अवलंबून असल्यामुळे ती पाण्याच्या नितळपणानुसार बदलते.

== प्रकाश व अनुकूलन ==
पाण्यात तांबडा प्रकाश प्रथम शोषला जातो व खोलवर प्रामुख्याने निळा प्रकाश उरतो. या पट्ट्याच्या तळाशी पृष्ठभागावरील प्रकाशाचा सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही कमी अंश पोहोचतो. प्रवाळांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करून त्यातील बराचसा वाटा प्रवाळांना देतात. प्रकाश कमी असल्यामुळे येथील अनेक प्रवाळ फांद्यांऐवजी पातळ, पसरट तबकड्यांच्या आकारात वाढतात. त्यामुळे एका भागाची सावली दुसऱ्यावर पडत नाही आणि कमी सांगाड्यात अधिक पृष्ठभाग प्रकाशाकडे राहतो. काही जाती प्लवक खाऊन अन्नाची तूट भरून काढतात. त्यांची वाढ सामान्यतः संथ असते. म्हणून एकदा झालेली हानी भरून येण्यास दीर्घ काळ लागतो.

== जीवसमुदाय ==
सुमारे ६० मीटर खोलीपर्यंत उथळ भित्तींवरील अनेक जाती आढळतात. त्याखाली जीवसमुदाय हळूहळू बदलत जातो. हिंदी व प्रशांत महासागरांत लेप्टोसेरिस आणि कॅरिबियन समुद्रात अ‍ॅगारिसिया या प्रजातींचे प्रवाळ विशेष आढळतात. त्यांच्यासोबत प्रकाशाची गरज नसलेले काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि स्पंज वाढतात. हॅलिमेडा हे चुनखडीयुक्त हिरवे शैवाल काही ठिकाणी विस्तीर्ण कुरणांसारखे पसरलेले असते.

खोलीबरोबर शैवालभक्षी मासे कमी होत जातात आणि प्लवकभक्षी माशांचे प्रमाण वाढते. हवाई द्वीपसमूहाच्या वायव्य टोकाकडील क्युरे प्रवाळद्वीपाजवळ काही खोल भित्तींवर पाहणीत नोंदलेले सर्व मासे केवळ हवाई परिसरातच आढळणाऱ्या जातींचे होते.

== प्रमुख ठिकाणे ==
* '''पुली रिज''' – मेक्सिकोच्या आखातात फ्लोरिडाच्या पश्चिमेस, सुमारे ६० ते ८० मीटर खोलीवर. येथे तांबडे ग्रूपर मासे तळाशी खड्डे खणतात व त्यांत इतर अनेक प्राणी आश्रय घेतात.
* '''आउआउ खाडी''' – हवाईतील माउई बेटाजवळ. येथे लेप्टोसेरिस प्रवाळांनी तळ सलग झाकलेला विस्तृत प्रदेश आढळला आहे.
* '''ताहिती''' – येथे सुमारे ३० ते ६५ मीटर खोलीवर गुलाबाच्या आकाराच्या प्रवाळांची सुमारे तीन किलोमीटर लांबीची भित्ती असल्याचे जानेवारी २०२२ मध्ये युनेस्कोने जाहीर केले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर, विजयदुर्गच्या पश्चिमेस असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावरही प्रवाळ आहेत. पठाराचा सर्वांत उथळ भाग सुमारे २० मीटर खोलीवर, म्हणजे मेसोफोटिक पट्ट्याच्या किंचित वर आहे.

== संशोधन ==
हा पट्टा नेहमीच्या पाणबुड्यांसाठी फार खोल आणि खोल समुद्रातील मोठ्या पाणबुडी वाहनांसाठी तुलनेने उथळ, त्यामुळे तो दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. उच्छ्वासातील वायू शुद्ध करून पुन्हा वापरणारी बंद श्वसनयंत्रे, हेलियममिश्रित श्वसनवायू आणि दूरनियंत्रित वाहने यांमुळे अभ्यासाला गती मिळाली.

== आश्रयस्थानाचा प्रश्न ==
तापमानवाढीने उथळ प्रवाळ पांढरे पडत असताना खोल भित्ती सुरक्षित राहतील आणि तेथील अळ्या वर येऊन उथळ भित्ती पुन्हा वसवतील, असा ‘खोल आश्रयस्थाना’चा सिद्धान्त मांडला गेला. खोल पाणी थंड असते व वादळी लाटांचा जोरही तेथे कमी असतो, हा त्याचा आधार होता. मात्र दोन्ही पट्ट्यांत राहू शकणाऱ्या जातींपुरतीच ही अपेक्षा ठेवता येते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोल व उथळ समुदाय बऱ्याच अंशी भिन्न असल्याचे आणि खोल भित्तीही संकटग्रस्त असल्याचे दाखवण्यात आले.

प्रत्यक्ष घटनांनीही ही शंका बळावली. २०१६ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर ४० मीटर खोलीवरही प्रवाळ पांढरे पडले. २०१९ मध्ये हिंदी महासागरातील चागोस परिसरात उष्ण पाण्याचा थर खाली सरकल्याने ९० मीटरपर्यंतच्या प्रवाळांना झळ पोहोचली. उथळ प्रवाळ मात्र त्या वेळी फारसे बाधित झाले नव्हते.

== धोके व संवर्धन ==
तळ खरवडणारी जाळी, नांगर, गाळ, तेलगळती आणि आक्रमक जाती हे येथील प्रमुख धोके आहेत. २०१० मधील मेक्सिकोच्या आखातातील तेलगळतीनंतर तेथील खोल भित्तींवरील समुद्रपंख्यांना इजा झाल्याचे आढळले. कॅरिबियन परिसरात बाहेरून आलेला लायनफिश या खोलीवरही पोहोचला आहे. दागिन्यांसाठी काढले जाणारे काळे प्रवाळ फार सावकाश वाढतात. पुली रिजच्या काही भागात तळाला स्पर्श करणाऱ्या मासेमारी साधनांवर बंदी आहे. खोल भित्तींचे समुदाय स्वतंत्र असल्याने, उथळ भित्तींना आधार मिळेल एवढ्यासाठीच नव्हे तर त्यांच्या स्वतःच्या जैवविविधतेसाठीही त्यांचे संरक्षण आवश्यक ठरते.