इंजिनाची जन्मतारीख

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये असे आपल्याकडे म्हणतात. जुन्या मोटारीच्या मालकाला विचाराल तर तो या यादीत आपल्या इंजिनाचीही भर घालील. गाडी १९२३ ची आहे, असे तो अभिमानाने सांगतो. कशावरून, असे विचारले की आरसी बुक पुढे करतो. त्या पुस्तकात असते ते बहुधा नोंदणीचे साल, आणि तेही एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनाच्या वहीवरून उतरवून घेतलेले. बॉनेट उघडून इंजिनाकडे पाहायची तसदी त्या दोघांपैकी कोणी घेतली असेल असे वाटत नाही.

आपल्या वसाहतीत कारखान्यात आयुष्य घालवलेली मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही की इंजिनाला एकच जन्मतारीख नसते. ब्लॉक ओतला तो एक दिवस. मशीनवर तासून, जुळणी होऊन त्यावर नंबर ठोकला तो दुसरा. ते इंजिन ज्या गाडीत बसले ती गाडी कारखान्याबाहेर पडली तो तिसरा. आणि गाडी रस्त्यावर येऊन सरकारदरबारी नोंदली गेली तो चौथा. या चार तारखांत कधी काही आठवडे असतात, कधी वर्षे. वाद होतात ते बहुतेक वेळा एकाने एक तारीख धरली आणि दुसऱ्याने दुसरी, म्हणून.

हा नुसता हौसेचा वाद नाही. इंग्लंडमध्ये लंडन ते ब्रायटन अशी जुन्या गाड्यांची प्रसिद्ध फेरी निघते. १४ नोव्हेंबर १८९६ च्या पहिल्या फेरीची आठवण म्हणून १९२७ साली ती पुन्हा सुरू झाली. तिथे १ जानेवारी १९०५ पूर्वी बनलेल्या गाडीलाच प्रवेश. म्हणजे डिसेंबर १९०४ आणि जानेवारी १९०५ यांत महिन्याचे अंतर असले तरी एक गाडी फेरीत आणि दुसरी प्रेक्षकांत! गाड्यांचे वय ठरवण्याचे काम तिथला व्हेटरन कार क्लब फार चिकित्सेने करतो. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळू लागला. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मग आत असलेले इंजिन त्याच गाडीचे आणि त्याच काळातले आहे का, हा प्रश्न आलाच.

उदाहरणासाठी फोर्डची मॉडेल टी घेऊ, कारण तिच्याइतकी माहिती दुसऱ्या कुठल्या जुन्या गाडीची क्वचितच मिळते. ऑक्टोबर १९०८ मध्ये ती बाजारात आली आणि मे १९२७ पर्यंत दीड कोटी बनल्या. चार सिलिंडर एकाच ब्लॉकमध्ये ओतलेले, वर सुटे होणारे हेड, २० अश्वशक्ती. इंजिनाच्या डाव्या अंगाला, पाणी आत येण्याच्या तोंडाच्या वर, एका सपाट उंचवट्यावर पंचाने नंबर ठोकलेला असतो. बहुतेक सर्व काळ या गाडीवर दुसरा नंबरच नव्हता, चासीवर तो आला अगदी शेवटच्या वर्षांत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तर गाडीच्या मालकीचा कागदही इंजिनाच्या नंबरावर होत असे. इंजिन हीच गाडीची ओळख.

हे नंबर क्रमाने पडत गेले. १० लाखाचा टप्पा डिसेंबर १९१५ मध्ये गाठला, ५० लाखांचा मे १९२१ मध्ये, १ कोटीचा ४ जून १९२४ रोजी आणि दीड कोटीचा २६ मे १९२७ रोजी. पहिल्या १० लाखांना सात वर्षे लागली, तर शेवटचे ५० लाख तीनच वर्षांत झाले. मधे १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली होती, त्याचा हा परिणाम. एवढ्या चार आकड्यांवरूनही अंदाज बांधता येतो. समजा नंबर ७५ लाखांच्या आसपास आहे, तर इंजिन १९२१ ते १९२४ च्या मधले. याहून नेमके हवे असेल तर इंजिनांच्या उत्पादनाच्या वह्या आहेत. कुठल्या दिवशी कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत इंजिने झाली ते त्यांत मांडलेले आहे. आपल्या कारखान्यांच्या जुन्या वह्या रद्दीत गेलेल्या पाहिल्या की या गोष्टीचा हेवा वाटतो.

पण ही तारीख इंजिनाची. फोर्ड कंपनी पुढे इंजिने अमेरिकेतल्या ठिकठिकाणच्या शाखांकडे पाठवू लागली आणि तिथे गाडी उभी राही. त्यामुळे गाडी इंजिनापेक्षा काही आठवड्यांनी धाकटी असू शकते. आपल्या देशातल्या फोर्ड गाड्यांचा तर मार्गच वेगळा. इंग्लंड वगळता ब्रिटिश साम्राज्याची बाजारपेठ फोर्डच्या कॅनडा कंपनीकडे होती. डेट्रॉइट नदी ओलांडली की विंडसरजवळ तिचा कारखाना. तिथल्या इंजिनांची नंबरांची रांग स्वतंत्र, आणि १९१३ च्या सुमारास त्यांच्यापुढे ‘सी’ अक्षर आले. आपल्याकडच्या टी मॉडेलवर ‘सी’ दिसले तर डेट्रॉइटचे तक्ते बाजूला ठेवावेत. तो नंबर त्या रांगेतला नव्हेच. मुंबईत गाड्या जोडायला फोर्डने १९२६ मध्ये वेगळी कंपनी काढली, तीही या कॅनडा कंपनीचीच शाखा.

आता ओतकामाकडे वळू. कोल्हापूर-बेळगावकडच्या मंडळींना फाउंड्री काय असते हे सांगायला नको. बिडाचा ब्लॉक वाळूच्या साच्यात ओततात. साचा उठवायच्या पॅटर्नवर छोटे आकडे बसवलेले असतात, त्यांचा ठसा वाळूत उमटतो आणि ओतलेल्या ब्लॉकवर तेच आकडे उठून दिसतात. तारीख बदलली की पॅटर्नवरचे आकडे बदलायचे. हा खटाटोप इतिहासकारांच्या सोयीसाठी नव्हता! एखाद्या दिवशीचा रस बिघडला, ब्लॉकला भोके पडली किंवा चिरा गेल्या, तर त्या दिवसाचा माल ओळखून बाजूला काढता यावा, म्हणून. आपण आज त्याचा फायदा घेतो.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली अशी, की अमेरिकन माणूस आधी महिना लिहितो, मग दिवस. ब्लॉकवर ५-९-२३ असे दिसले तर आपण ५ सप्टेंबर वाचू. ती आहे ९ मे. चार महिन्यांचा फरक एका सवयीमुळे. दुसरी जास्त महत्त्वाची. ठोकलेला नंबर कानशीने घासून पुन्हा ठोकता येतो, पण उठावाचे आकडे बदलणे फार कठीण. म्हणून दोन्ही जुळले तर ठीक, न जुळले तर बिडावर विश्वास ठेवावा, असे माझे मत आहे.

मात्र न जुळण्याचा अर्थ दर वेळी लबाडी असा नाही. टी मॉडेलचा ब्लॉक फुटला तर फोर्ड कंपनी बदली ब्लॉक पुरवत असे आणि तो कोरा येत असे. जुन्या ब्लॉकवरचा नंबर नव्यावर ठोकायचा, हे काम डीलरचे. नंबर हीच गाडीची ओळख असल्याने मालकाचे कागद बदलावे लागू नयेत, हा त्यामागचा हिशेब. त्यामुळे १९१७ चा नंबर आणि १९२४ चे ओतकाम असा ब्लॉक सापडला तर तो पूर्णपणे रीतसर असू शकतो. मग या इंजिनाचे साल कोणते? विक्रेता १९१७ सांगेल, आणि ते खोटे आहे असे म्हणता येणार नाही. पण लोखंड १९२४ चे आहे. कागदावर दोन्ही साले लिहावीत, एक नंबराचे आणि एक ओतकामाचे. एकच लिहिले की निम्मी हकीकत गेली.

असा ब्लॉक ओळखायला इंजिनाची अंगलक्षणे उपयोगी पडतात. अगदी पहिल्या सुमारे अडीच हजार टी इंजिनांना पाण्याचा पंप होता, पुढे तो काढून टाकला आणि गरम पाणी आपोआप वर चढते या तत्त्वावर काम भागवले. व्हॉल्व्हच्या कप्प्यावर १९११ पासून दोन झाकणे आली, १९२२ मध्ये त्यांचे एकच झाले. १९१७ मध्ये हेड उंच झाले. १९१९ पासून विजेचा स्टार्टर आणि जनरेटर मिळू लागला आणि तो बसवण्यासाठी ब्लॉकच्या ओतकामात बदल करावा लागला. म्हणजे नंबर १९१५ चा आणि जनरेटर बसवायची सोय ब्लॉकमध्येच ओतलेली, असे दिसले की प्रश्न विचारायलाच हवा. हेडवरून मात्र काही ठरवू नये. सुटे होणारे हेड म्हणजे टोपी, आज ही तर उद्या ती.

शेवरोलेची पद्धत निराळी, आणि आपल्या दृष्टीने जवळची. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. पेट्यांतून सुटे भाग बोटीने येत आणि इथे गाडी उभी राही. त्यामुळे अशा गाडीच्या इंजिनाचे ओतकाम आणि आपल्याकडची नोंदणी यांत काही महिने जाणे अगदी साहजिक. पन्नासच्या दशकात, सुट्या भागांची नुसती जोडणी चालणार नाही असे सरकारचे धोरण ठरले आणि हे दोन्ही परदेशी कारखाने बंद झाले.

शेवरोलेच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख एक अक्षर आणि आकडे अशी असते. ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ फेब्रुवारी, असे करत ‘एल’ म्हणजे डिसेंबर. नंतर दिवस, आणि शेवटी सालाचा फक्त शेवटचा आकडा. समजा ‘ई १७ ९’ असे दिसले. १७ मे, हे नक्की. पण साल १९२९, १९३९ की १९४९? ओतणाऱ्याला दशक लिहायची गरज नव्हती, त्याला ते ठाऊक होते! इथे तांत्रिक ज्ञान लागते. १९२९ मध्ये शेवरोलेचे सहा सिलिंडरचे नवे इंजिन आले, १९४ घन इंचांचे आणि तीन मेन बेअरिंगांवर फिरणारे. १९३७ मध्ये त्याच्या जागी २१६ घन इंचांचे, चार मेन बेअरिंगांचे आले आणि ते १९५३ पर्यंत चालले. ऑइल पॅन उतरवून बेअरिंगे मोजली की १९२९ वेगळे पडते. उरलेल्या दोन सालांसाठी ब्लॉकवरच्या दुसऱ्या लांबलचक आकड्याकडे पाहायचे. हा पुष्कळ आकडी नंबर डिझाइनचा, एका नमुन्याच्या हजारो ब्लॉकांवर सारखाच. ती तारीखही नाही आणि इंजिनाचा स्वतःचा नंबरही नाही. जाहिरातीत अनेक जण हाच नंबर अभिमानाने ‘इंजिन नंबर’ म्हणून छापतात. पण डिझाइन कुठल्या वर्षांत वापरात होते ते कळले की दशक ठरते, आणि मग सगळी तारीख उघडी पडते.

आपल्याकडे आणखी एक गोम आहे. पेट्रोल महागले, सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा गॅरेजवाल्यांनी जुन्या गाड्यांत मिळेल ते इंजिन बसवले, कधी डिझेलचेही. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी तसे केले नसते तर त्या गाड्या भंगारात गेल्या असत्या. पुढे गाडीला मोल आल्यावर मूळ इंजिनाची शोधाशोध सुरू झाली आणि कुठून तरी आणलेल्या ब्लॉकवर आरसी बुकातला नंबर ठोकण्याचा मोहही आला. भिंग घेऊन पाहावे. ज्या उंचवट्यावर नंबर आहे तिथला मूळ यंत्रकामाचा पोत टिकला आहे का? आकड्यांची उंची आणि वळण त्या कारखान्याच्या पंचांसारखे आहे का? आजूबाजूच्या बिडापेक्षा तो भाग खोलगट किंवा चकचकीत वाटतो का?

ब्लॉक साफ करताना ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग वापरू नये, एवढी विनंती. रॉकेल, मऊ ब्रश आणि धीर पुरतो. आकडे अस्पष्ट असतील तर वर खडू घासून बाजूने तिरपा उजेड टाकावा आणि फोटो काढावा. रंग देण्याआधीच हे उरकावे, कारण हौशी मालक जाड रंगाचे तीन हात मारतो आणि त्याखाली तारीख कायमची बुजते.

आणि टी मॉडेलचा नंबर १ कोटी ५० लाखांच्या पुढचा दिसला तर लगेच बनावट म्हणू नये. गाडी १९२७ मध्ये बंद झाली, पण बदलीसाठी आणि इतर कामांसाठी फोर्ड ही इंजिने ऑगस्ट १९४१ पर्यंत बनवत राहिली. शेवटचा नंबर १ कोटी ५१ लाख ७६ हजारांच्या घरात गेला. अशा उशिराच्या इंजिनावर नवी मॉडेल टी कधीच उभी राहिली नाही.