शेक: आजीचा, वैद्याचा आणि आपला

लावणी करून कंबर धरली की आपण काय करतो? वीट तापवतो, फडक्यात गुंडाळतो आणि पाठीला लावतो. गुडघा दुखला तर एरंडाच्या पानाला तेल लावून, तव्यावर गरम करून बांधतो. पाळीत ओटीपोट दुखलं की मिठाची नाहीतर वाळूची पुरचुंडी असतेच. हे आपल्याला कुठल्या शाळेत शिकवलं नाही. घरातल्या बायकांचं बघत बघत आपण शिकलो. आज या शेकाचा इतिहास पाहू.

चरकसंहिता हा आयुर्वेदाचा ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात शेकावर एक अख्खा अध्याय आहे. शेकाला तिथे ‘स्वेद’ म्हटलंय, म्हणजे घाम काढणं. अग्नीच्या मदतीने करायचे 13 प्रकार त्यात सांगितलेत आणि अग्नीवाचून होणारे 10. या दहांत ऊन, जाड पांघरूण आणि व्यायाम तर आहेतच, शिवाय राग आणि भीतीसुद्धा आहे! रागानेही अंगाला घाम फुटतो, हे त्या वैद्यांनी बरोबर हेरलं होतं.

आता हे 13 प्रकार वाचले की आपलंच घर दिसतं. तीळ, उडीद, कुळीथ यांचा गरम गोळा किंवा वाळू, दगड, शेण यांची पुरचुंडी करून शेकायचं. ही आपली पुरचुंडीच की! वनस्पतींचा काढा अंगावर ओतायचा, म्हणजे आपलं निर्गुडीच्या पाल्याचं कढत पाणी. एका प्रकारात तर शेणाच्या विस्तवावर खाट ठेवून माणसाला वर निजवायचं. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी आठवली ना?

ग्रंथ वैद्यांनी लिहिले. पण पाट्यावर ओवा भरडणारी, पाणी तापवणारी, तेल चोळणारी आणि विस्तव राखणारी घरातली बाईच होती. सुईणीने आणि आजीने हे ज्ञान हातातून हातात दिलं. त्यांची नावं कुठल्या पोथीत लिहिलेली नाहीत.

घराबाहेरही शेक होता. पालघर-ठाण्याकडे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथे तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडं आहेत. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि त्यानंतर वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं गेलं. देवीला येणारी माणसं कुंडात अंग शेकून जातात. दापोलीजवळ उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे, जळगावकडे उनपदेव, ही सगळी गरम पाण्याचीच ठिकाणं. नावातच ऊन आहे. पावसाचं पाणी भेगांमधून जमिनीत खूप खोल जातं, तिथे तापतं आणि परत वर येतं. सांधे आखडलेल्या बायका वर्षातून एकदा अशा ठिकाणी जायच्या. त्यांना ऊन पाणी मिळायचं आणि दोन दिवस चुलीपासून सुटकाही मिळायची.

शेकाने बरं का वाटतं? ऊब लागली की रक्तवाहिन्या रुंदावतात, त्या जागी रक्त जास्त येतं आणि आखडलेला स्नायू सैल पडतो. शिवाय शेक घ्यायचा तर पडून राहावं लागतं. बाळंतिणीचा सव्वा महिना म्हणजे नुसती शेगडी नव्हती, तर तेवढे दिवस तिला जड कामातून मोकळीक होती. आज पुष्कळ घरांत धुरी आणि शेगडी राहिली, पण मोकळीक गेली. पंधराव्या दिवशी हंडा डोक्यावर आला, तर शेकाचा निम्मा गुण गेलाच म्हणायचा.

आणखीही एक गोष्ट मागे पडली, ती म्हणजे शेकाची मर्यादा. चरकसंहितेत शेक कसा द्यावा हे जितकं सांगितलंय, तितकंच कुठे थांबावं हेही सांगितलंय. गारठा गेला, ठणका थांबला, अंग सैल होऊन घाम आला की पुरे. गरोदर बाई, मधुमेही, अंगातून रक्त जाणारा रोगी यांना शेक देऊ नये. डोळ्यांवर ऊब येऊ नये म्हणून त्यांवर स्वच्छ कापड किंवा गव्हाच्या पिठाचा गोळा ठेवावा. आणि खाटेखालचा विस्तव कसा हवा? धूर नसलेला!

आता आपल्या खोल्या बघा. पूर्वी कौलांच्या फटींतून वारा खेळायचा. आता वर स्लॅब, खिडकी बंद, दाराला पडदा आणि आत बाळ-बाळंतीण शेगडीपाशी. निखाऱ्यांतून धूर दिसला नाही तरी विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. धुरीने बाळाची छातीही भरते. म्हणून बंद खोलीत शेगडी नकोच. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर गरम केलेलं फडकं घ्या आणि आधी आपल्या मनगटाला लावून बघा.

याहून जिवावरची गोष्ट म्हणजे डाग देणं. मेळघाटात त्याला डंभा म्हणतात. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापल्या लोखंडाने चटके देतात. दवाखाना लांब आणि बाळ रडतंय, अशा वेळी आईच्या जिवाची काय घालमेल होते ते आम्ही जाणतो. पण ‘ही जुनी रीत आहे’ असं कोणी म्हणालं, तर त्यांना सांगा: सुश्रुतसंहितेत डागण्याचा उपचार आहे, पण लहान मुलाला, म्हाताऱ्याला, अशक्ताला डागू नये असंही त्याच ग्रंथात लिहिलंय. पोट फुगलेल्या बाळाला आशाताईंकडे न्या, दवाखान्यात न्या.

ताज्या मुक्या मारावर पहिले एक-दोन दिवस शेक नको, गार पट्टी ठेवा. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर चटका कळतच नाही, तिथेही शेक नको. बाळंतिणीची एकच पोटरी सुजून दुखत असेल तर चोळूही नका, शेकूही नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

येत्या बैठकीत आपापल्या घरची शेकाची रीत एकमेकींना सांगा. ‘कशाने शेकता’ एवढ्यावर थांबू नका. ‘कोणाला देत नाही आणि कधी थांबता’ हेही विचारा. गटातल्या थोरल्या बायांना ते नक्की माहीत असेल. ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे लेकीसुनांना शेकाबरोबर त्याची मर्यादाही कळेल.