एका लांबलचक शब्दाची कुळकथा

इंग्रजीतील सर्वांत लांब शब्द कोणता, हा प्रश्न वर्गात केव्हा ना केव्हा निघतोच. मग एखादा हुशार विद्यार्थी एका दमात म्हणून दाखवतो: ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस’. मूळ इंग्रजीत याची अक्षरे ४५. स्पेलिंग बिनचूक आले की टाळ्या पडतात आणि विषय संपतो. खरे तर तो तेथून सुरू व्हायला हवा.

प्रथम शब्दाची फोड करू. ‘न्यूमोन’ म्हणजे ग्रीक भाषेत फुफ्फुस. ‘न्यूमोनिया’तला न उच्चारला जाणारा ‘पी’ येथेही आहे. ‘अल्ट्रामायक्रोस्कोपिक’ म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. ‘सिलिको’ आला लॅटिनमधील गारगोटीवाचक शब्दावरून, ‘व्होल्कॅनो’ म्हणजे ज्वालामुखी, ‘कोनिस’ म्हणजे धूळ आणि ‘ऑसिस’ म्हणजे अवस्था. थोडक्यात, ज्वालामुखीतील सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ फुफ्फुसात गेल्याने होणारा रोग.

गंमत अशी, की हे नाव कोणा डॉक्टरने दिलेले नाही. अमेरिकेतील शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी ते १९३५ साली केवळ लांबीसाठी रचले. पुढे ते शब्दकोशांतही जाऊन बसले. त्यातील ज्वालामुखी बाजूला काढला, तर उरतो तो मात्र खराखुरा रोग: सिलिकोसिस.

‘ऑसिस’ या शेपटाची मोठी भावंडे आहेत. लोखंडाच्या धुळीने सिडरोसिस, कोळशाच्या धुळीने अँथ्रकोसिस, कापसाच्या धुळीने बिसिनोसिस, ऍस्बेस्टॉसच्या तंतूंनी ऍस्बेस्टोसिस. (मायटॉसिस किंवा सिम्बायॉसिसमध्येही हीच अक्षरे आहेत, पण तेथे रोग नाही, नुसती प्रक्रिया वा अवस्था आहे. विद्यार्थ्यांना हा फरक जरूर दाखवावा.)

रोग जुना आहे, नावे नवी आहेत. अॅग्रिकोला याच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरील ग्रंथात, कार्पेथियन पर्वतातील खाणींजवळ एकेका स्त्रीने सात-सात नवरे गमावल्याचा उल्लेख आहे. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी याने १७०० साली पाथरवटांच्या फुफ्फुसांत साठलेल्या वाळूबद्दल लिहिले. इंग्लंडमधील कामगार या दुखण्याला ‘कुंभारांची कीड’, ‘खाणवाल्यांचा दमा’ अशा अर्थाची नावे देत. अशा नावांमुळे रोग जणू त्या धंद्याचा प्रारब्धभोग ठरे. धूळ हे कारण नावातच घालण्याचे काम जर्मन वैद्य झेंकर याने १८६० च्या दशकात ‘न्यूमोनोकोनिऑसिस’ हा शब्द घडवून केले. १८७० मध्ये इटलीत व्हिस्कोंती याने ‘सिलिकोसिस’ हे नाव दिले. १९२७ मध्ये कुक या ब्रिटिश डॉक्टरने ‘ऍस्बेस्टोसिस’ हे नाव रूढ केले. १९३० मध्ये कामगारांची पाहणी झाली आणि १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये या धुळीविरुद्ध नियम आले.

नाव नसले, किंवा असून घेतले नाही, तर काय होते? स्मिथ आपला शब्द रचत होते त्याच्या चारपाच वर्षे आधीच, १९३० मध्ये, अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट येथे नदी वळवण्यासाठी डोंगरातून बोगदा खणण्यास सुरुवात झाली होती. खडकात सिलिकेचे प्रमाण फार मोठे होते. पाणी न मारता कोरडेच छिद्रण चाले. मजूर बहुतांशी दक्षिणेकडून आलेले गरीब कृष्णवर्णीय. त्यांना मुखवटेही नव्हते. माणसे धापा टाकू लागली, तेव्हा न्यूमोनिया, क्षय, इतकेच काय ‘टनेलायटिस’ अशी नावे सांगून त्यांची बोळवण झाली. १९३६ साली अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे हे प्रकरण आले. १९८६ मध्ये मार्टिन चेर्नियाक यांनी केलेल्या अभ्यासात मृतांचा अंदाज ७६४ इतका निघाला.

या धुळीचे काम शरीरात कसे चालते? पाच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तेथील भक्षकपेशी त्यांना गिळतात. पण सिलिका पचत नाही, उलट पेशीच मरते. कण मोकळा होतो, त्याला दुसरी पेशी गिळते. या चक्रात फुफ्फुसावर तंतुमय व्रण साचत जातात. काम सोडले तरी रोग थांबेलच असे नाही. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. क्षयाचा धोका वाढतो तो वेगळाच. उपाय एकच: धूळ श्वासात जाऊच न देणे. त्यासाठी पाण्याचा फवारा, धूळ ओढून घेणारे पंखे, बंदिस्त यंत्रे हवीत.

आता आपल्या जवळचे उदाहरण. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे दगड कापून पाटीवरच्या पेन्सिली बनत. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तेथील ५९३ कामगारांपैकी सुमारे ५५ टक्के कामगारांत सिलिकोसिस आढळला. ज्या पेन्सिलीने आपण अक्षरे गिरवली, ती घडवणाऱ्याचा श्वास असा खर्ची पडत होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने डॉक्टरांना सिलिकोसिस कळवणे बंधनकारक केले होते. पण कळवण्यासाठी आधी रोग ओळखावा लागतो, आणि ओळखण्यासाठी रुग्णाला ‘काम काय करता?’ हे विचारावे लागते.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी हा पंचेचाळीस अक्षरी शब्द म्हणून दाखवला, तर टाळ्या जरूर वाजवाव्यात. मग फळ्यावर त्यातले ‘सिलिको’ आणि ‘ऑसिस’ एवढेच ठेवून बाकीचे पुसून टाकावे आणि विचारावे: आपल्या गावात दगड कोण फोडतो, आणि त्याच्या नाकातोंडावर काय असते?